इफ्तारनंतरही न भागणारी तहान

रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला, की मालवणच्या किनाऱ्यावर रोजा जरा जड जातो. दमट हवा, खारा वारा, दुपारी तीननंतर कोरडा पडणारा घसा. तरी पोरांचा हट्ट असतोच. बालिग होईपर्यंत रोजा फर्ज नाही, हे घरातले सगळे सांगतात, पण सात-आठ वर्षांचं मूल सहरीला उठून बसतं आणि पहिला रोजा ठेवतंच. दिवसभर घरात त्याचं कौतुक चालतं. शेजारच्या काकू संध्याकाळी त्याच्यासाठी आठवणीने शहाळं पाठवतात. अजान होते, खजूर तोंडात जातो, सरबताचे दोन ग्लास रिकामे होतात आणि तहान भागते.

काही मुलांची मात्र भागत नाही. तरावीहची नमाज संपते, घर झोपतं, तरी मूल पाण्यासाठी उठतं. पुन्हा लघवीला, पुन्हा पाण्याला. चार-पाच वर्षांपूर्वी अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. रमजान असेल तर ‘रोजामुळे’ आणि नसेल तर ‘उन्हामुळे’ असं म्हणून विषय संपतो. परीक्षेचे दिवस असले तर थकव्यालाही कारण सापडतं. चार आठवड्यांत गणवेश सैल होतो आणि कुणीतरी आजी विचारते, ‘चेडू सुकला कित्याक?’ त्या घरातला खरा प्रश्न तो असतो आणि त्याचं उत्तर कधी कधी मधुमेह असतं.

मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशीतला गृहस्थ येतो. मुलांना होणारा टाइप वन मधुमेह वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. लाडू, खाजं किंवा आंबे जास्त खाल्ल्यामुळे तो होत नाही, आईच्या हयगयीमुळेही होत नाही. इन्सुलिन नसलं की रक्तातली साखर पेशींना वापरता येत नाही, ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून तहान. शरीर मग चरबी जाळू लागतं, रक्तात आम्ल साचतं, पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जलद चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो.

घात नेमका इथे होतो. पोटदुखी आणि उलट्या पाहून काहीतरी बाधलं असं वाटतं. कुणी दृष्ट काढतं, कुणी ताईत बांधतं, दोन्ही समाजांत या बाबतीत फारसा फरक नाही. दवाखान्यात नेलं तरी साखर न तपासता ग्लुकोजचं सलाईन लागू शकतं आणि आधीच चारशे-पाचशेवर असलेली साखर आणखी चढते. देवबागसारख्या, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या गावातून रात्री अशा मुलाला घेऊन निघायचं, तर आधी मालवण, मग ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि फारच बिघडलं तर थेट गोव्यात बांबोळी. वेळेवर इन्सुलिन आणि योग्य द्रव मिळाले नाहीत तर मूल दगावतं. बोटातल्या रक्ताच्या एका थेंबाने जे कळलं असतं, ते न कळल्यामुळे.

मग हा थेंब शाळेतच का घेऊ नये? सरकारी शाळांतल्या प्रत्येक मुलाची मधुमेह तपासणी सक्तीची करावी, ही मागणी ऐकायला योग्य वाटते. शाळांतल्या आरोग्य तपासणीची यंत्रणा आपल्याकडे आहेही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, दात, कान, त्वचा, हृदय असे सुमारे ३० विकार त्या मूळ यादीत होते. मधुमेह त्यात नव्हता. राष्ट्रीय कार्यक्रमातली मधुमेहाची सरसकट तपासणी सुरू होते ती वयाच्या तिशीपासून. दहा वर्षांचं मूल या दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीशी उभं राहतं.

यादीत मधुमेह यायलाच हवा. पण वर्षातून एकदा सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून टाइप वन सापडेल, या भ्रमात राहू नये. हा आजार लक्षणं दाखवू लागल्यापासून काही आठवड्यांत मुलाला आडवं करतो. पथक जूनमध्ये येऊन गेलं आणि मूल ऑक्टोबरमध्ये आजारी पडलं, तर जूनचा ‘नॉर्मल’ शेरा त्याच्या काय कामाचा? उलट तोच शेरा घरच्यांना गाफील ठेवील.

जगात यावर दोन-तीन वाटा निघाल्या आहेत. जपानने १९९२पासून शाळेतल्या वार्षिक तपासणीत लघवीतली साखर पाहायला सुरुवात केली. तिथे त्यातून मुख्यतः मोठ्या मुलांमधला टाइप टू मधुमेह लवकर हाती लागला. इटलीने २०२३मध्ये कायदाच केला आणि मुलांच्या रक्तातली टाइप वनची पूर्वचिन्हं शोधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आजार येण्याआधी काही वर्षं तो कळतो, पण ती चाचणी महाग आहे आणि त्यानंतरचा पाठपुरावा त्याहून अवघड. ज्या जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ गाठायला अर्धा दिवस मोडतो, तिथे हे आज मागणं म्हणजे होडी नसताना शिडाचं माप घेणं.

मालवणने पाहावं असं उदाहरण त्याच इटलीतलं, पण जुनं आणि स्वस्त आहे. पार्मा नावाच्या प्रांतात १९९१मध्ये डॉक्टरांनी शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधं भित्तिपत्रक लावलं. मूल जास्त पाणी पितंय का, सारखं लघवीला जातंय का, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय का, एवढंच त्यात होतं. दवाखान्यांना रक्त आणि लघवीतली साखर मोजायची साधनं दिली. त्याआधी नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं आम्ल साचलेल्या गंभीर अवस्थेत येत होती. पुढच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. पुन्हा अंथरूण ओलं करणं हे सर्वांत उपयोगी लक्षण ठरलं. आपल्याकडे नेमकं तेच लाजेपोटी लपवलं जातं.

असं पत्रक मराठी आणि उर्दू शाळांत लावायला कुठल्या कायद्याची गरज नाही. अडचण शिक्षकांच्या नजरेची आहे. तासाला तिसऱ्यांदा लघवीला जाण्याची परवानगी मागणारा मुलगा ‘टिवल्याबावल्या करणारा’ ठरतो. रिकामी बाटली घेऊन वारंवार नळावर जाणारी मुलगी ओरडा खाते. आठ तास डोळ्यांसमोर असलेलं मूल शाळेलाच आधी कळू शकतं, कारण आईला ते दिसतं सकाळ-संध्याकाळ. तहान, लघवी, थकवा आणि वजन या चार गोष्टी शिक्षकाला माहीत असल्या, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या शिल्लक असल्या, आणि शाळेची चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाची साखर त्याच दिवशी पाहणं बंधनकारक केलं, तर सक्ती योग्य जागी पडेल. लक्षणं असताना साखर २०० किंवा त्यावर असेल, तर ‘सोमवारी या’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवायचं.

लघवीच्या साध्या पट्टीनेही सुरुवात होऊ शकते, ती काही रुपयांत मिळते. हे ज्ञान तसं नवं नाही. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या जातात ही नोंद चरकसंहितेत आहे आणि लघवी गोड असल्याचं अकराव्या शतकातल्या इब्न सीनानेही लिहून ठेवलं. आजही गावातली एखादी म्हातारी बाई मोरीतल्या मुंग्या बघून सावध होते. तिचं ऐकावं.

टाइप टूचा प्रश्न वेगळा, पण टाळता येणार नाही. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी दहात एक मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळलं. शिवाय मूल बारीक आहे म्हणून निर्धास्त राहण्याची सोय पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने ठेवलेली नाही. आपली बाळं वजनाने हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा त्या मानाने जास्त असतो. सीबीएसईने मे २०२५मध्ये शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. ते जिल्हा परिषदेच्या शाळांतही लागावेत. सरबताच्या रंगीत बाटल्यांनी भरलेल्या इफ्तारच्या दस्तरखानालाही त्याची गरज आहे.

निदान झाल्यावर काय, हा प्रश्न तपासणीची मागणी करणारे बहुधा विसरतात. टाइप वनच्या मुलाला रोज इन्सुलिन लागतं, आयुष्यभर. ‘जडीबुटीने बरं करतो’ म्हणून ते बंद करायला लावणारा माणूस मुलाच्या जिवाशी खेळत असतो, मग तो वैद्य असो, हकीम असो की बाबा. मुलगी असली तर आजार लपवला जातो, ‘पुढे स्थळ कसं येणार’ म्हणून. म्हणूनच शाळेतल्या तपासणीचा निकाल वर्गात मोठ्याने वाचला जाता कामा नये. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि मे २०२१च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर दिवसेंदिवस वीज नव्हती, ते कुणी विसरलेलं नाही. अशा वेळी कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ओलसर मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवली तर ती टिकते, हे प्रत्येक घराला सांगितलं पाहिजे. केरळ सरकारने अशा मुलांसाठी इन्सुलिन, पट्ट्या आणि तज्ज्ञांचा सल्ला देणारी योजना चालवली आहे. तिचं नाव ‘मिठायी’. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागेल, पण त्याहून जास्त तिच्या कामाला.

शाळेत या मुलांना थोडी सवलत लागते. सीबीएसईने २०१७मध्ये त्यांना परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळ, थोडा खाऊ आणि पाणी न्यायला परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३मध्ये सगळ्या राज्यांना लिहिलं, की वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि मधल्या वेळी खायला त्यांना अडवू नये. हा कागद गावातल्या शाळेच्या टेबलापर्यंत पोचला का, हे पालकांनी मुख्याध्यापकांना विचारायला हरकत नाही.

आणि रोजा? टाइप वन असलेल्या मुलाच्या घरी रमजानात हा विषय निघतोच. सगळी भावंडं रोजा ठेवतात, मग मी का नाही? आजारी माणसाला सवलत खुद्द कुरआननेच दिली आहे, त्यामुळे त्याला रोजा नाही म्हणून कमीपणा नाही. मोठं झाल्यावर कुणाला ठेवायचाच असेल तर महिना-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलून इन्सुलिनचं वेळापत्रक बदलावं लागतं. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, पण हे माहीत नसल्याने अनेक जण दिवसभर साखरच पाहत नाहीत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: साखर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर चढली, तर मगरिबची वाट न पाहता तिथेच रोजा सोडायचा. ज्या घरात असं मूल आहे, तिथे सहरीच्या ताटाशेजारी ग्लुकोमीटर असावा आणि खिशात, दप्तरात साखरेच्या गोळ्या असाव्यात, वर्षभर.