तीन पिढ्या, सात तिकिटे आणि साठवलेले माइल्स



मंडळाच्या गणपतीला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला गेले की जेवणाच्या रांगेत दोन विषय हमखास निघतात. एक, "आईबाबा कधी येणार?" आणि दुसरा, "या कार्डावर किती माइल्स मिळाले?" हे दोन विषय एकत्र केले की जो तिसरा विषय तयार होतो, तो या लेखाचा. आईवडील, सासूसासरे, आपण आणि मुले अशा सगळ्यांनी मिळून माइल्सवर सहलीला जायचे, तर जायचे कुठे?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे दिसेल त्याचा तक्ता करायची खोड. आमच्या घरी माइल्सचा तक्ता २०१५ पासून आहे. कुठल्या कार्डावर किती, कुठल्या विमान कंपनीत किती, सगळे नोंदलेले. माझ्या बाबांना त्या तक्त्याचे भारी कौतुक. ते सांगलीला हिशेबनीस होते, जमाखर्च हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांना हवाईचा समुद्र बघायचा होता. दर रविवारी फोनवर विचारायचे, "काय गं, किती जमले? कधी निघायचं हवाईला?" आणि मी म्हणायची, "बाबा, अजून भाव चांगला मिळत नाहीये. थोडं थांबू या."

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री दोन वाजता फोन आला. बाबा गेले. दुसऱ्या दिवशीच्या विमानाचे रोख भाडे तीन हजार डॉलरच्या वर होते. मी त्याच हवाईसाठी ठेवलेल्यांतून ८५,००० माइल्स काढले आणि सांगलीला पोचले. परत आल्यावर तक्त्यात तो खर्च मांडायला बसले, तर "कारण" या रकान्यात काय लिहावे ते सुचेना. तो रकाना अजून कोराच आहे.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. पण पुढचे सगळे हिशेब मी त्यानंतर नव्याने शिकले, म्हणून आधी सांगितले.

माइल्स म्हणजे बँकेतली ठेव नव्हे

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली माइल्सची योजना सुरू केली आणि बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्या. तेव्हापासून आपण सगळे साठवतो आहोत. मात्र ठेवीवर व्याज मिळते, माइल्सवर मिळत नाही. उलट, तिकिटाला किती माइल्स लागतील हे कंपनी हवे तेव्हा बदलू शकते. आज २५,००० ला मिळणारे तिकीट पुढच्या वर्षी ३५,००० ला गेले तर तक्रार करायला जागा नाही. युनायटेड आणि डेल्टाच्या माइल्सना मुदत नाही, तर अमेरिकनच्या खात्यात २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर सर्वसाधारणपणे ते बाद होतात. मुदत असो वा नसो, ठेवलेल्या माइल्सची किंमत बहुधा खालीच जाते.

किंमत काढायची रीत सोपी आहे. रोख भाड्यातून माइल्सच्या तिकिटावर भरावा लागणारा कर वजा करा आणि उरलेल्या रकमेला माइल्सनी भागा. अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासाला हा कर एका बाजूला माणशी ५ डॉलर ६० सेंट, म्हणजे जाऊन-येऊन ११ डॉलर २० सेंट.

आमचे २०२४ च्या एप्रिलचे आकडे देते. न्यूअर्कहून हवाईचे जाऊन-येऊन भाडे १,१५० डॉलर किंवा ७०,००० माइल्स, म्हणजे एका माइलला सुमारे १.६३ सेंट. न्यूअर्कहून पोर्तो रिकोच्या सान हुआनचे भाडे ४२० डॉलर किंवा २८,००० माइल्स, म्हणजे सुमारे १.४६ सेंट. तक्त्याप्रमाणे हवाईचा भाव सरस. पण आम्ही माणसे सात: माझी आई, सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले. हवाईला लागणार ४,९०,००० माइल्स आणि घरातले सगळे मिळून जमलेले २,६०,०००. म्हणजे पुन्हा "थोडं थांबू या". या वेळी ते शब्द तोंडातून निघेनात.

सासूबाईंचा रकाना

एका शनिवारी जेवणानंतर मी सगळ्यांना टेबलाशी बसवून तक्ता दाखवला. हवाई, येलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, मेक्सिकोतले कॅनकून आणि पोर्तो रिको अशी पाच ठिकाणे. सासूबाईंनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "एका माइलला किती सेंट ते लिहिलंस. पण मला दर तासाला बाथरूमला उठावं लागतं, त्याचा रकाना कुठाय?"

सगळे हसले, पण मुद्दा बिनतोड होता. त्या रात्री आम्ही नवीन रकाने पाडले. तुम्हीही पाडा, म्हणून देते.

विमानातले तास: चार तासांहून जास्त एका जागी बसले की पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वय, मधुमेह, जाडी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर जास्तच. न्यूअर्कहून होनोलुलू थेट गेले तरी अकरा तासांच्या आसपास, सान हुआन सुमारे चार.

घड्याळातला फरक: सासऱ्यांची मधुमेहाची औषधे वेळेला बांधलेली. हवाईचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा सहा तास मागे. पोर्तो रिकोत वर्षभर घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांची आणि न्यू जर्सीची वेळ एकच. गोळ्यांचा डबा जसाच्या तसा चालतो.

उंची: सासऱ्यांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ७,००० फुटांवर, येलोस्टोनचा बराच भाग त्याहून वर. तिथे धाप लागू शकते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर अशी जागा ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. विमानातही हवेचा दाब ६,००० ते ८,००० फुटांवर असल्यासारखाच असतो.

व्हिसा आणि विमा: भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी आपण जो विमा काढतो तो मुख्यतः अमेरिकेतल्या मुक्कामासाठी असतो. दुसऱ्या देशात गेल्यावर तो किती चालेल हे पॉलिसीत वाचावे लागते. शिवाय परत येताना पुन्हा इमिग्रेशनची रांग. त्यामुळे कॅनकून मागे पडले. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, चलन डॉलर, विमान अंतर्गत. तुमचे आईवडील ग्रीन कार्डावर असून मेडिकेअर घेतलेले असतील, तर मूळ मेडिकेअर पोर्तो रिकोतही चालते.

विम्याबद्दल आणखी दोन शब्द. "फिक्स्ड" प्रकारच्या स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते आणि वरचा खर्च आपल्या डोक्यावर येतो. "कॉम्प्रिहेन्सिव्ह" महाग असते, पण मोठ्या आजारात तीच उपयोगी पडते. जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. तो अचानक बळावला तरच, आणि वयाच्या अटीत बसले तर, काही खर्च मिळतो. ती अट वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

असे सगळे रकाने भरले आणि एका माइलला १७ शतांश सेंट कमी देणारे पोर्तो रिको पहिले आले. सात जणांना १,९६,००० माइल्स. उरले ६४,०००. त्यांना हात लावायचा नाही असे ठरवले. रात्री दोनचा फोन कुणाच्याही घरी येऊ शकतो.

सात खुर्च्या एकदम मिळत नाहीत

बहुतेकांची इथेच फसगत होते. एकदम सात तिकिटे शोधली, तर स्वस्त भावाच्या जागा फक्त चार असल्या तरी यंत्र सातही जागांचा महाग भाव दाखवते. म्हणून आधी एक तिकीट शोधा, मग दोन, मग चार. भाव कुठल्या आकड्यावर उडी मारतो ते कळते. आम्हाला चार आणि तीन अशा दोन भागांत तिकिटे काढावी लागली.

त्यात माझ्या हातून चूक झाली. आम्ही चौघे एका आरक्षणात आणि तिघे ज्येष्ठ दुसऱ्या आरक्षणात. तीन आठवड्यांवर विमान कंपनीने वेळापत्रक बदलले, आणि आमचे चौघांचे आरक्षण सकाळच्या विमानात, तर त्यांचे संध्याकाळच्या! सासरे म्हणाले, "आम्ही काय पहिल्यांदा विमानात बसतोय?" पण आईचा चेहरा उतरला. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास होता. भारतातून येतानाही मी तिला घ्यायला गेले होते. फोनवर दोन तास ताटकळल्यावर सगळे पुन्हा एका विमानात आले. तेव्हा लक्षात ठेवा: प्रत्येक आरक्षणात घरातले एक धडधाकट माणूस हवेच, आणि दोन्ही आरक्षणे एकमेकांशी जोडून त्याची नोंद ठेवा असे कंपनीला आधीच सांगा.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी. आपल्या खात्यातून दुसऱ्याच्या नावाचे तिकीट काढता येते. त्यासाठी माइल्स त्याच्या खात्यात पाठवून शुल्क भरायची गरज नसते. युनायटेडने २०२४ पासून पाच जणांपर्यंत माइल्स एकत्र करायची सोय दिली आहे. बँकेच्या कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत, म्हणून आधी जागा बघा, मग वळवा. आईवडिलांच्या नावाने खाते उघडायला पैसे पडत नाहीत. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे भाड्याच्या वर्गानुसार त्या प्रवासाचे माइल्स युनायटेडच्या खात्यातही घालता येतात. तिकिटावरचे नाव पासपोर्टाशी तंतोतंत जुळू द्या. आपल्याकडे मधले नाव, आडनाव यांचा घोळ फार. मे २०२५ पासून अंतर्गत विमानालाही रिअल आयडीचे लायसन्स किंवा पासपोर्ट लागतो, तेव्हा पाहुण्यांचे पासपोर्ट बरोबर हवेतच.

आणि सर्वांत मोठा नियम: माइल्सच्या मोहापायी कार्डावर बाकी ठेवू नका. ५,००० डॉलरची बाकी २१ टक्क्यांनी वर्षभर राहिली तर व्याज १,०५० डॉलर. दीड सेंटच्या भावाने ते ७०,००० माइल्स झाले. इतके माइल्स कुठलेही कार्ड प्रेमाने देत नाही.

प्रत्यक्ष सहल

व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. तिला अमेरिकेत पैसे पडत नाहीत, निदान ४८ तास आधी कळवावे. सासऱ्यांनी साफ नकार दिला, "मी काय पांगळा आहे?" मग सासूबाई आधी जाऊन बसल्या आणि आईने दुसरी घेतली. विमानतळाचा लांबच लांब रस्ता पाहून सासऱ्यांनी तिसऱ्या खुर्चीची मूक चौकशी केली. औषधे हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात टाकलेली बॅग हरवली तर गोळ्याही हरवतात. आम्ही दर तासाला सासूबाईंबरोबर उठलो, त्यामुळे सगळ्यांचेच पाय मोकळे झाले.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले तळमजल्यावरचे घर घेतले. दोन विहिणी एका ओट्याशी कशा नांदतील ही माझी धास्ती होती. पहिल्या सकाळी फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी यावर चर्चा झाली आणि दुसऱ्या सकाळपासून मला स्वयंपाकघरात प्रवेश राहिला नाही. पोर्तो रिकोत भातात "गांदुलेस" नावाचे दाणे घालतात. बाजारात ते पाहून सासूबाई ओरडल्याच, "अगं, ह्या तर तुरी!" मात्र शाकाहारी मंडळींनी जपावे. तिथल्या भातात आणि घेवड्याच्या उसळीसारख्या पदार्थांतही डुकराचे मांस बरेचदा असते, विचारूनच घ्यावे. परतताना विमानतळावर शेतीखात्याची सामान-तपासणी असते, बरीच ताजी फळे आणता येत नाहीत.

जुन्या सान हुआनच्या दगडी रस्त्यांवर आईचे गुडघे बोलू लागले, म्हणून एल मोरोचा किल्ला तिने बाकावर बसून पाहिला. एल युंकेच्या पावसाळी जंगलात गाडीतूनही बरेच दिसते. "थेट आंबोलीच," सासरे म्हणाले. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला वादळांचा हंगाम, तो टाळून एप्रिल निवडला ते बरे झाले.

लुकियोचा किनारा शांत आहे, लाटा मोठ्या येत नाहीत. तिथे आई साडी वर खोचून, दोन्ही नातवंडांचे हात धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना हासुद्धा चालला असता गं."

मी काही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच.

मंडळी, या रविवारी फोन कराल तेव्हा आईवडिलांना कुठे जायला आवडेल ते विचारा. मग खात्यातले माइल्स मोजा, अडीअडचणीसाठी एका तिकिटापुरते बाजूला ठेवा आणि उरलेल्यांत जिथवर पोचता येईल तिथले तिकीट बघा. बहुतेक मोठ्या अमेरिकन कंपन्यांत माइल्सचे तिकीट रद्द केले तर माइल्स खात्यात परत येतात. स्वस्त प्रकारांचे नियम तेवढे वाचून घ्या. म्हणजे तारीख ठरवून टाकायला फारशी भीती नाही. बदलली तर बदलली.

माझा तक्ता कुणाला हवा असेल तर पुढच्या कार्यक्रमात भेटा, आनंदाने देईन. सासूबाईंच्या रकान्यासकट.