दोन मोटारी आणि एक मंदी

परभणी तालुक्यातील झरी हे गाव 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. कापूस व ज्वारी पिकविणाऱ्या या मुलखाचा सारा ज्या राजधानीकडे जाई, तेथील चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची एक रोल्स-रॉईस आजही उभी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी ती मागविली गेली. ती येण्यापूर्वीच, 1911 साली, त्यांचे निधन झाले. मिरवणुकीची ही मोटार पुढेही क्वचितच रस्त्यावर आली. अशा मूठभर गिऱ्हाइकांवर विलायतेतील एक अख्खा धंदा उभा होता. त्यातील दोन प्रतिस्पर्ध्यांची कहाणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे.

रोल्स-रॉईसने 1929 साली ‘फँटम दोन’ बाजारात आणली. तिचे यंत्र जुन्या वळणाचे, परंतु अत्यंत शांत व भरवशाचे होते. ल मांची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकलेल्या बेंटलीने 1930 साली ‘आठ लिटर’ मोटारीने तिला उत्तर दिले. सहा सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह आणि ताशी शंभर मैलांचा वेग! नुसत्या सांगाड्याची किंमत 1850 पौंड. रुपयाच्या तेव्हाच्या 1 शिलिंग 6 पेन्स दराने सुमारे 24,700 रुपये. वरचा साज निराळा.

वेगात बेंटली उणी नव्हतीच. तथापि निकाल रस्त्यावर लागला नाही. 1929 च्या अमेरिकी शेअरबाजाराच्या कोसळण्याने गिऱ्हाईक आटले. बेंटलीने अशा अवघ्या शंभर मोटारी बांधल्या आणि 1931 साली कंपनीवर रिसिव्हर आला. नेपियर कंपनीचा सौदा जवळजवळ ठरला असता एका अपरिचित ट्रस्टने अधिक बोली लावली. त्यामागे रोल्स-रॉईस होती, हे नंतर उघड झाले. ‘आठ लिटर’ बंद झाली. गुणवत्तेपेक्षा गंगाजळी मोठी ठरली.

त्याच मंदीत कापसाचे भावही कोसळले. ज्याने फँटम कधी पाहिली नाही, त्या कुणब्यालाही न्यूयॉर्कचा तडाखा बसला. पीक कवडीमोलाने गेले, तरी सारा व सावकाराचे व्याज रोखीनेच भरायचे होते. लंडनच्या बुडीत कारखान्याला विकत घेणारा तरी भेटला. बुडीत शेतकऱ्याची केवळ जमीन विकत घेतली जाते.

1998 साली हे दोन्ही ब्रँड जर्मन कंपन्यांनी आपसांत वाटून घेतले आणि पुन्हा प्रतिस्पर्धी बनविले. संग्राहक आज जुन्या ‘आठ लिटर’साठी प्रचंड किंमत मोजतात. दुर्मिळतेला मोल येते, ते असे. कापूस मात्र दुर्मिळ नाही. म्हणूनच परक्या बाजारातील चढउतारांपुढे तो पिकविणाऱ्याला संरक्षण हवे. मोटारींच्या स्पर्धेतून घ्यावयाचा धडा हाच होय.