हक्क मिळाले, मग आवाज कशासाठी?

पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांना मतदानाचा, शिक्षणाचा, मालमत्तेचा व नोकरीचा हक्क मिळून पुष्कळ काळ लोटला. असे असता तेथील स्त्रिया आज इंटरनेटवरून समतेची मागणी का करीत आहेत, आणि त्या मागणीला आता काही प्रयोजन उरले आहे काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. घाईने ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापेक्षा, आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या रीतीने आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, मग उत्तरपक्षाकडे वळावे आणि शेवटी निर्णय करावा, हे आम्हांस बरे वाटते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८४८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे न्यूझीलंडमध्ये १८९३ साली, अमेरिकेत १९२० साली, ब्रिटनमध्ये पुरुषांच्या बरोबरीने १९२८ साली, फ्रान्समध्ये १९४४ साली, तर स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निवडणुकांत थेट १९७१ साली स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. फ्रान्समधील विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून नोकरी धरण्याची व स्वतःच्या नावे बँकेत खाते उघडण्याची मोकळीक १९६५ साली मिळाली. तात्पर्य, पश्चिमेतील समता फार प्राचीन आहे हा समज खरा नव्हे.

या चळवळीची ओळखही मराठी वाचकाला नवी नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि १८८९ साली तेथील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहून तेथील स्त्रियांच्या स्थितीची व त्यांच्या संस्थांची हकीकत आपल्यापुढे ठेवली. नवे आहे ते चळवळीचे साधन. पूर्वी सभा, पत्रके व मिरवणुका होत्या. आता समाजमाध्यमे आहेत. ‘हॅशटॅग’ म्हणजे शब्दाआधी एक विशिष्ट खूण घालून केलेले संकेतनाम. त्या खुणेमुळे जगभरातील लोकांचे एका विषयावरील लेखन एकत्र पाहता येते. २०१२ साली ब्रिटनमधील लॉरा बेट्स यांनी स्त्रियांना रोजच्या जीवनात येणारे लहानमोठे अपमानाचे अनुभव इंटरनेटवर गोळा करण्यास आरंभ केला. अमेरिकेत तराना बर्क यांनी २००६ साली वापरलेले ‘मी टू’, म्हणजे ‘मीसुद्धा’, हे शब्द २०१७ च्या ऑक्टोबरात असेच जगभर पसरले.

आता पूर्वपक्ष. तो म्हणतो: कायद्याने समता दिली आहे, जो फरक उरला आहे तो ज्याच्या त्याच्या निवडीचा आहे. दुसरे असे की, इंटरनेटवर आरोप होतो, पण चौकशी होत नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावा हे न्यायाचे तत्त्व जमावाच्या कोलाहलात बुडून जाते. तिसरे, बोटाने कळ दाबणे सोपे, संघटना बांधणे कठीण. समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकची यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच दाखविले आहे की, समाजमाध्यमांमुळे माणसे झटपट जमतात. परंतु दीर्घकाळच्या संघटनकार्यातून येणारे बळ त्यांच्या अंगी आलेले नसते. चौथे, अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना माध्यमिक शाळेची दारे बंद आहेत. खरे दुःख तेथे आहे, न्यूयॉर्क-लंडनात नव्हे.

हे आक्षेप पोकळ नाहीत. तरी उत्तरपक्ष ऐकावा.

कायदा असणे आणि कायदा लागू होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कामाच्या जागी होणारा स्त्रीचा लैंगिक छळ हा कायद्याने निषिद्ध असा भेदभाव होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच दिला होता. तरीही हार्वी वाइनस्टीन या बलाढ्य चित्रपट-निर्मात्यावरील तक्रारी पैसा व गुप्ततेचे करार यांच्या आड वर्षानुवर्षे दबून राहिल्या. २०१७ साली वृत्तपत्राने त्या उघड केल्या आणि मग असंख्य स्त्रियांनी ‘मीसुद्धा’ म्हटले. पुढे २०२० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यास शिक्षा दिली. मूळ आरोपांबाहेरील साक्षी घेतल्या या कारणास्तव वरिष्ठ न्यायालयाने २०२४ साली ती रद्द केली. आणि २०२५ साली फेरसुनावणीत तो एका आरोपावर पुन्हा दोषी ठरला. या प्रकरणात दोन्ही पक्षांना धडा आहे. जनतेच्या आवाजाने बंद दार उघडले. परंतु निवाडा मात्र न्यायालयानेच, नियमाने, करावयाचा असतो.

कळ दाबून काही होत नाही, या आक्षेपाला जिना मार्टिन यांचे उदाहरण उत्तर देते. २०१७ साली लंडनमधील एका संगीतोत्सवात त्यांच्या संमतीवाचून एकाने त्यांचे अनुचित छायाचित्र घेतले. अशा कृत्यासाठी इंग्लंडात वेगळा गुन्हाच नव्हता. त्यांनी इंटरनेटवर सह्यांचा अर्ज काढला. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. त्यांनी वकिलाचे साहाय्य घेतले, खासदारांच्या भेटी घेतल्या, आणि २०१९ साली हे कृत्य गुन्हा ठरविणारा कायदा झाला. सह्या हा आरंभ होता. फळ आले ते पुढील चिकाटीला.

वेतनाचेही पाहा. युरोपीय संघात २०२३ साली स्त्रियांचे ताशी सरासरी वेतन पुरुषांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते. याचा अर्थ एकाच कामाला सर्वत्र कमी दाम मिळतो असा मात्र नव्हे. अर्धवेळ काम, मुलांचे संगोपन, कमी वेतनाचे व्यवसाय ही कारणेही त्यात मिसळलेली आहेत. पण संगोपनाचा भार बहुधा स्त्रीवरच का पडतो, हा प्रश्न ‘निवड’ या एका शब्दाने सुटत नाही.

शिवाय इंटरनेट ही स्वतःच एक नवी वस्ती आहे आणि तेथील उपद्रवही नवे आहेत. इंग्लंडच्या नोटांवर राणीखेरीज आणखी एका स्त्रीचे चित्र असावे, एवढीच मागणी २०१३ साली कॅरोलाइन क्रियाडो-पेरेझ यांनी केली. ती मान्य झाली व लेखिका जेन ऑस्टिन यांचे चित्र नोटेवर आले. परंतु मागणी करणारीला भयंकर धमक्या सोसाव्या लागल्या. २०१४ साली त्यांपैकी दोघांना तुरुंगवास झाला, आणि त्या दोघांत एक स्त्री होती! तेव्हा हा तंटा पुरुषजात विरुद्ध स्त्रीजात असा सरळ नाही.

राहिला अफगाणिस्तानचा मुद्दा. शेजारी आग लागली म्हणून आपले गळके छप्पर शाकारू नये, असे कोणी म्हणत नाही.

मग निर्णय काय? आमच्या मते या चळवळीचे प्रयोजन संपलेले नाही. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती साक्षीदार होऊ शकते, न्यायाधीश नव्हे. ती माणसे जमवू शकते, संघटनेची जागा घेऊ शकत नाही. आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी घरचे व बाहेरचे काम एक दिवस थांबविले, आणि पुढच्याच वर्षी तेथे समतेचा कायदा झाला. तेव्हा समाजमाध्यमे नव्हती, संघटना होती.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, या वादाचे पडसाद आता आपल्या घरातील दूरध्वनीवरही उमटतात. असा मजकूर समोर आला की, पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: सांगणारा कोण, त्याचे म्हणणे कशावर आधारले आहे, आणि तो नेमके काय मागतो आहे? मुलींनी आपला अनुभव भीतीने गिळू नये; मुलांनी तो हसण्यावारी नेऊ नये; आणि दोघांनीही पुराव्यावाचून कोणास दोषी ठरवू नये. एवढे साधले तर दूरदेशीच्या या वादाचा आपणांस खरा लाभ झाला, असे आम्ही समजू.