गुणपत्रिका आणि कोरा रकाना

दहावीचा निकाल लागला की रायगडातल्या कर्जतच्या बाजारपेठेत पेढ्यांच्या बरोबरीने हल्ली एक काळजीही वाटली जाते. "टक्के चांगले पडलेत हो, पण बाकी काहीच नाही. ना खेळ, ना गाणं, ना कुठलं सर्टिफिकेट. पुढे अडेल का?" ही काळजी मूळची इथली नाही. काही पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी आणली, काही अमेरिकेतल्या कुणाच्या तरी भाच्याच्या गोष्टीतून व्हॉट्सअॅपवर आली, आणि नेरळपासून खोपोलीपर्यंत शेतं बुजवून उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांतून आता ती वाड्यावस्त्यांच्याही दाराशी पोचली आहे.

सरळ उत्तर द्यायचं तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी अडत नाही. आपल्याकडे प्रवेशाची दारं परीक्षेच्या किल्लीने उघडतात आणि उपक्रमांचा रकाना बहुतेक अर्जांत असतच नाही.

अकरावीपासून बघू. आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी पट्ट्यांपुरती असलेली ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ मध्ये साऱ्या राज्याला लागू झाली. विद्यार्थी दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरतो. यंत्रणा बघते ते 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांचे गुण, आरक्षण आणि पसंती. मुलगी वक्तृत्वात पहिली आली होती की नाही, हे तिला कुणी विचारत नाही. हे बेस्ट ऑफ फाइव्हसुद्धा सुखासुखी आलेलं नाही. २००९ मध्ये राज्याने आधी पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते मुंबई उच्च न्यायालयात टिकलं नाही. २०१० मध्ये हे नवं धोरण आलं, तेही उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. एवढ्या कोर्टबाजीत भांडण होतं ते एका बोर्डाचे गुण दुसऱ्या बोर्डाच्या गुणांशी कसे ताडायचे याचं.

मात्र उपक्रम मागच्या दाराने आत येतात. शासकीय रेखाकलेची इंटरमिजिएट परीक्षा 'अ' श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास दहावीला ७ गुण, 'ब'ला ५, 'क'ला ३. खेळात पातळीप्रमाणे २५ पर्यंत. शास्त्रीय गायन-नृत्य आणि लोककलांनाही अतिरिक्त गुण आहेत. पाचशेत सात म्हणजे जवळपास दीड टक्का, आणि पंचवीस म्हणजे पूर्ण पाच. ज्या कॉलेजची यादी दशांशात बंद होते तिथे या गुणांनी माणूस आत किंवा बाहेर होतो. २०२५ च्या दहावीत २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागाची. या शंभरांत कला-क्रीडेचे सवलतीचे गुणही धरलेले असतात, हे पेढे वाटताना कुणी सांगत नाही.

हे गुण मिळतात कुणाला, हे बघायला कर्जत-खालापूरसारखी जागा नाही.

पाऊस सरला की इथल्या गावांमधून कबड्डीचे सामने सुरू होतात. शेतातल्या मातीचं मैदान पाणी मारून, धुम्मस करून घट्ट केलेलं, बांबूंना टांगलेले हॅलोजन, लाकडी टेबलावर मांडलेले चषक, आणि पहाटे दोन वाजताही न थकणारा निवेदक. चढाईला गेलेला पोरगा दहावीतला असतो. त्याच्या घरी कपाटावर पाच-सहा चषक धूळ खात उभे असतात आणि त्याच्या गुणपत्रिकेत अतिरिक्त गुणांच्या जागी काहीही नसतं. कारण गावच्या मंडळाचा चषक बोर्डाला चालत नाही. शाळेचा संघ शालेय स्पर्धेत उतरावा लागतो, तालुक्यातून जिल्ह्यात आणि तिथून पुढे जावा लागतो, मग क्रीडा कार्यालयाची मोहोर उमटते. जिल्हा क्रीडा संकुल अलिबागेजवळ नेहुलीला. कर्जतच्या डोंगरकडेच्या वाडीतून तिथे जायचं म्हणजे अख्खा दिवस. शाळेत क्रीडाशिक्षक नसेल, किंवा ज्यांच्याकडे गणित आहे त्यांच्याकडेच खेळही दिलेला असेल, तर प्रवेशिका भरायचीच राहून जाते.

चित्रकलेचं तसंच. ज्या शाळेत कलाशिक्षक आहे तिथली मुलं एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट देतात. आश्रमशाळेतली, भिंतीवर वारली पद्धतीची चित्रं काढून पाहुण्यांची वाहवा घेणारी मुलगी ती देतेच असं नाही. ठाकरवाड्यांतला नाच लोककलेत मोडत असला, तरी गुण हवे असतील तर मान्यताप्राप्त संस्थेचा कागद लागतो. ढोलावर ज्याच्या आजोबांचा हात बसलेला आहे त्याच्याकडे संस्था कुठून असणार?

मग वेळेचं गणित. खोपोलीहून कर्जतला येणारी लोकल लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत पंधरा किलोमीटर येते. कर्जतहून कल्याण आणखी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, मुंबई सीएसएमटी शंभर. चांगल्या कॉलेजसाठी कल्याण-डोंबिवलीला जाणारी मुलगी पहाटे घर सोडते. तिच्या कॉलेजात नाटकाच्या तालमी चारनंतर. खोपोलीच्या गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसायचं आणि घरी पोचेपर्यंत रात्र. दोनदा उशीर झाला की वडील म्हणतात, "नाटक राहू दे." तिसऱ्यांदा ती तालमीला जातच नाही. त्या वर्षाचा तिचा रकाना कोराच राहतो. तिच्या आळसाचा किंवा कमी आवडीचा याच्याशी काहीएक संबंध नाही.

आता ज्या गोष्टीची काळजी खरोखर करायला हवी, ती. पुढच्या वाटेवर दहावी-बारावीचे चांगले गुणसुद्धा बोलायचे बंद होतात. अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटी. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, एवढी अट पार केली की बोर्डाच्या गुणांचं काम संपलं. ९२ टक्केवाला आणि ५२ टक्केवाला एकाच रेषेवर. सीईटीत दोनशे गुण, त्यातले शंभर गणिताचे. प्रश्नांचा पाचवा हिस्सा अकरावीवर, बाकी बारावीवर. चुकीला उणे गुण नाहीत. वैद्यकीयला नीट, तिथेही बोर्डाच्या गुणांचं काम पात्रतेपुरतंच. बोर्डाची टक्केवारी किती हलती जागा आहे हे २०१९ ने दाखवलं होतं. भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले अंतर्गत गुण त्या वर्षी काढून घेतले आणि दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर उतरला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, निकाल ९५.३० वर गेला. शाळा त्याच, मास्तर तेच. म्हणून ज्या घरात नव्वदच्या वर गुण आले आहेत तिथे गिटारच्या क्लासची चौकशी करण्याआधी अकरावीचं गणित खरंच समजलंय का, हे बघावं. अकरावी हे विश्रांतीचं वर्ष मानायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि सीईटीत ती महागात पडते.

आयआयटीतही उपक्रमांना आता किंचित दार उघडलं आहे. मद्रास आयआयटीने २०२४ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी. पण आधी जेईई अॅडव्हान्स्ड पार करायलाच हवी. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि कलागुणांच्या जागा आहेत, दोन्ही मिळून पाच टक्क्यांच्या आत. तिथे चाचणी देऊन दाखवावं लागतं, नुसता कागद पुरत नाही.

खरी किंमत मिळते ती दोन-तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण सैन्य. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि त्यानंतरची एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखतही ९०० गुणांची. म्हणजे अर्धं पारडं. पाच दिवस मुलांना गटात चर्चेला बसवतात, दोर-फळ्या देऊन अडथळे ओलांडायला लावतात, मानसशास्त्रज्ञ गोष्टी लिहून घेतो. सुरुवातीलाच एक माहितीपत्रक भरायचं असतं: कोणते खेळ खेळता, कशाचं नेतृत्व केलं, छंद काय, एनसीसी होती का. मुलाखत घेणारा अधिकारी त्या कागदावर बोट ठेवून खोदत जातो. 'गिर्यारोहण' असं लिहून ठेवलेला शहरी मुलगा तिसऱ्या प्रश्नाला गडबडतो. पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, दर रविवारी मुंबईकरांना घेऊन जाणारा आंबिवलीकडचा पोरगा तिथे अर्धा तास बोलू शकतो. कुणाचा पाय मुरगळला तेव्हा काय केलं, धुक्यात वाट चुकली तेव्हा गटातल्या कुणाचं ऐकलं, हे त्याला पाठ करावं लागत नाही. फक्त हे सांगण्यासारखं आहे, हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तयारीसाठी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, दहावीनंतर मुलं निवडते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू झाली. २०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली. त्यातल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. कर्जतमध्ये ही माहिती असायला हवी तेवढी अजून नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे अझीम प्रेमजी, अशोका अशी खासगी विद्यापीठं. तिथे परीक्षेबरोबर निबंध किंवा मुलाखत असते आणि आर्थिक स्थितीनुसार फी माफीही मिळू शकते. पहिल्या पिढीतल्या मुलांना अशा संस्थांपर्यंत नेण्याचं काम बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये 'एकलव्य'मधून सुरू केलं. स्वतः केंद्रे पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. अशा कामाचा एखादा फाटा रायगडच्या आतल्या तालुक्यांत फुटायला हवा, असं मला फार वाटतं.

तिसरं ठिकाण परदेश. अमेरिकेत मुलाचं 'व्यक्तिमत्त्व' बघून प्रवेश देण्याची जी पद्धत आपल्याकडे आदर्श म्हणून सांगितली जाते, तिचं मूळ फारसं उजळ नाही. १९२० च्या आसपास हार्वर्डच्या पहिल्या वर्षात ज्यू विद्यार्थी पाचातला एक या प्रमाणाच्या वर गेले. परीक्षेत ते पुढे होते. अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ मध्ये उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला, तो फेटाळला गेला. मग १९२६ पासून चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, फोटो या गोष्टी अर्जात महत्त्वाच्या झाल्या आणि जे उघडपणे करता आलं नाही ते गुपचूप झालं. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी 'द चोझन' या पुस्तकात हे सगळं कागदपत्रांनिशी मांडलं आहे. पुढे याच पद्धतीने अनेक वेगळ्या मुलांना आत घेतलं, हेही खरं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेश रद्द केले. उपक्रमांचं वजन मात्र तसंच राहिलं.

त्याच अमेरिकेत शेकडो विद्यापीठांना एकाच नमुन्यात पाठवता येणाऱ्या 'कॉमन अॅप' या अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकी दीडशे अक्षरांची. उपक्रमाचा प्रकार निवडायच्या यादीत वादविवाद, संगीत, खेळ यांच्याबरोबर पगारी काम आहे आणि 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हाही प्रकार आहे. म्हणजे भाताचं आवण काढून लावणीला जाणारी, धाकट्या भावाला बालवाडीत सोडणारी, शनिवारी आईबरोबर कर्जतच्या फलाटाबाहेर रानभाजीच्या जुड्या विकणारी मुलगी त्या अर्जात कोऱ्या हाताने जात नाही. ब्रिटनने २०२६ च्या प्रवेशापासून लांबलचक आत्मनिवेदन मोडून तीन प्रश्न केले: हा विषय का, शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही प्रश्नांचा रोख विषयाकडेच आहे. भात संशोधनात रस असलेल्या मुलाने कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात जाऊन तिथल्या 'कर्जत' वाणांबद्दल चार प्रश्न विचारून घेतले असतील, तर तिथे ते पोहण्याच्या पदकापेक्षा जास्त कामाला येतील.

प्रमाणपत्रांचा जो धंदा मधल्या काळात फोफावला आहे, त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. पैसे भरा, ऑनलाइन परीक्षा द्या, 'आंतरराष्ट्रीय' सुवर्णपदक घरपोच. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी प्रवेशात त्याला शून्य किंमत, आणि परदेशात अर्ज वाचणारी माणसं असे ढीग रोज बघतात. तेवढ्या पैशात एनडीएचा अर्ज भरून, वर जुन्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तकही येईल.

पदवीला गेल्यावर चित्र बदलतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहशालेय अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक काम यांतून ते मिळवता येतात. सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं निवासी शिबिर. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर सैन्यात लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणं येण्याची वेगळी वाट आहे. बारावीपर्यंत रकाना कोरा राहिला असेल तर तो भरायला कर्जत-खोपोलीच्या कॉलेजांतच जागा आहे, त्यासाठी मुंबई गाठायला नको.

शाळेतल्यांसाठी मात्र एक व्यवहाराची गोष्ट. शालेय स्पर्धांची प्रवेशिका शाळेच्या नावाने जाते, गावच्या मंडळाच्या नावाने नाही, आणि ती भरायचे दिवस पावसाळ्यात, लावणीच्या धांदलीतच येतात. जून उजाडला की मुलाने, नाहीतर त्याच्या वडिलांनी, मुख्याध्यापकांना विचारावं, "सर, आपला कबड्डीचा संघ यंदा तालुक्याला उतरतोय ना?" उतरत नसेल, तर गावातल्या जुन्या खेळाडूंपैकी कुणीतरी शाळेत जाऊन संघ बांधायला हात द्यावा. गावोगावी रात्र रात्र शिट्टी फुंकणारे पंच इथे कमी नाहीत.