अ‍ॅनी खरंच उदास आहे का?

फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये जॉब घासून सरांकडे नेला की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘आधी बर काढ!’ धातू कापताना कडेला जी खरखरीत किनार उभी राहते ती बर. आपल्या लेखी ती निव्वळ कटकट. पण एका मुलीचं अप्रतिम चित्र या बरच्याच जिवावर उभं आहे!

चित्राचं नाव ‘अ‍ॅनी हेडन’, साल १८६०, चित्रकार जेम्स व्हिसलर. वडील रेल्वे इंजिनिअर, सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेवर काम केलेले. चिरंजीव मात्र वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत केमिस्ट्रीत आडवे झाले आणि १८५४ मध्ये बाहेर पडले. (सिलिकॉन हा वायू आहे असं त्यांनी परीक्षेत ठोकून दिलं, असा किस्सा आहे!) मग अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हेत नकाशे कोरण्याची नोकरी धरली. तिथे तांब्याच्या पत्र्याशी जी गट्टी जमली ती कायमची.

अ‍ॅनी ही त्याची भाची, लंडनमधल्या सावत्र बहिणीची मुलगी. १८५८ च्या त्याच्या पहिल्या चित्रसंचात ती छोटीशी दिसते. ते एचिंग. म्हणजे पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि उघडं पडलेलं तांबं आम्लाने खायचं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुमचा पीसीबी असाच बनतो! १८६० मध्ये मात्र त्याने आम्लाला सुट्टी दिली. सुई थेट तांब्यावर चालवली. याला ड्रायपॉइंट म्हणतात. इथे रेघेच्या कडेला बर उठतो, तो शाई धरून ठेवतो आणि छापल्यावर रेघ मखमलीसारखी काळीभोर उमटते.

आता चित्र बघू. डोक्यावर टोपी, मोकळे केस, घेरदार झगा. अकरा-बारा वर्षांची ही पोरगी सरळ आपल्याकडे बघते. हसत नाही. बघणारा लगेच म्हणतो, ‘बिचारी! किती उदास!’

थांबा. पहिली गोष्ट, मामासाठी ताटकळत उभं राहिलेलं कुठलं पोर हसेल? दुसरी, प्रेसच्या दाबाखाली बर झिजत जातो. सुरुवातीच्या प्रतींत सावल्या गडद, नंतरच्या प्रतींत त्याच रेघा करड्या आणि कोरड्या. पत्रा एकच, मुलगीही एकच, पण भाव बदलल्यासारखा वाटतो. म्हणून ‘कितव्या हाताची प्रत?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

तिसरी गोष्ट जास्त फसवी. १८६७ मध्ये पॅरिसला मामा आणि अ‍ॅनीचे वडील यांची जुंपली. व्हिसलरने मेव्हण्याला काचेच्या खिडकीतून ढकलून दिलं आणि संबंध तुटले. हे वाचलं की अ‍ॅनीच्या डोळ्यांत त्या भांडणाची चाहूल दिसू लागते. पण पत्रा कोरला तेव्हा भांडण सात वर्षं दूर होतं! ते दुःख तिचं नाही, आपण मागाहून चिकटवलेलं आहे.

मग उरतं काय? बरंच काही. सजवलेली बाहुली न करता एका लहान मुलीला मोठ्या माणसाइतकं गंभीरपणे न्याहाळणारा मामा उरतो. पुढे व्हिसलरनेही सांगितलं होतं की एकाच पत्र्यावर आपली कीर्ती पणाला लावायची झाली, तर तो हाच.

आपणही मेसमध्ये समोर बसलेल्या गप्प मुलाकडे बघून काय काय ठरवून टाकतो, नाही का? निदान एकदा विचारून बघा. अ‍ॅनीला विचारायची सोय नाही, त्याला आहे.