सौर ऊर्जेत शेतकऱ्याने पैसा घालावा का? उंब्रज परिसराचा हिशेब

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. काठाला काळी कसदार जमीन आणि ऊस, तर थोडे वर चढले की मुरूम आणि माळरान. सौर ऊर्जेचा विचार करताना तुमची जमीन या दोन्हींपैकी कुठे आहे, हे आधी लक्षात घ्या. कारण सध्या गावोगाव सौर पंप, घरावरचे पॅनेल आणि जमीन भाड्याने देणे असे तीन प्रस्ताव फिरत आहेत आणि तिन्हींचा हिशेब अगदी वेगळा आहे.

पंप : बचत पैशाची की रात्रीची?

राज्यात एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत ७.५ एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज योजना लागू आहे. म्हणजे ज्यांच्याकडे वीजजोड आहे, त्यांचे सौर पंप घेऊन बिल वाचत नाही, कारण बिलच शून्य आहे. मग फायदा काय? दिवसा पाणी. उसाच्या फडात बिबट्याचा वावर असलेल्या कराड-पाटण भागात रात्री दोन वाजता बारे धरायला जाणे काय असते, हे तुम्हाला सांगायला नको.

मात्र 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना पारंपरिक वीजजोड नसलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. सर्वसाधारण गटाला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरापर्यंत ३ एच.पी., पाच एकरापर्यंत ५ एच.पी. आणि त्यावर ७.५ एच.पी. पंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा त्यातच येतो. जोड नसलेल्या विहिरीवर एवढ्या पैशात दुसरे काहीही बसवता येणार नाही. तिथे फार विचार करत बसू नका.

विचार करायचा तो पाण्याचा. ५ एच.पी. पंपाला सुमारे ४,८०० वॅटचे पॅनेल असते. एकूण हेड ५० मीटर असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो साधारण एक लाख लिटर पाणी उचलतो. एप्रिल-मेमध्ये वाढलेल्या उसाला ठिबकने एकरी रोज २० ते २४ हजार लिटर लागते. म्हणजे चार एकर भागतात. पाटपाण्याने साडेसात सेंटीमीटरची एक पाळी द्यायची, तर एकरी तीन लाख लिटर, म्हणजे तीन दिवस लागतात. दहा दिवसांची पाळी धरली तर तीन एकरांच्या वर जाता येत नाही. शिवाय सकाळी व संध्याकाळी पंपाची धार बारीक असते, लांब सरीच्या शेवटापर्यंत पाणी पोहोचत नाही. म्हणून सौर पंपाबरोबर ठिबक किंवा साठवण टाकी धरूनच खर्चाचा अंदाज काढा.

कृष्णेवरून एक-दोन किलोमीटर पाइप टाकून माळावर पाणी नेणाऱ्या उपसा योजनांना हा पंप कामाचा नाही. त्यांच्या मोटारी याच्या कितीतरी पट मोठ्या असतात. त्यांच्यासाठी उपाय एकच, कृषी फीडरच सौर विजेवर चालवणे.

जमीन भाड्याने देताना

फीडर सौर करण्याची ही योजना म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची २.० आवृत्ती आली. वीज उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचे प्रकल्प उभे करायचे आणि त्या उपकेंद्रावरच्या कृषिपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना आहे. यात पंपधारकाला एक रुपयाही घालावा लागत नाही. म्हणून वीजजोड असणाऱ्यांनी आधी महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारावे की आपला फीडर या योजनेत आला आहे का. आला असेल, तर स्वतःच्या खर्चाने वेगळा सौर पंप बसवण्याची घाई कशाला?

या प्रकल्पांना जमीन लागते, मेगावॉटला चार-पाच एकर. भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि मूळ रकमेवर दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ. मुदत पंचवीस वर्षांच्या आसपास.

आकडा गोड वाटतो. आता उसाशी ताडून पाहा. काळ्या रानात एकरी ५० टन आणि हातात टनाला ३,००० रुपये धरले, तर दीड लाख येतात. खर्च ७५ हजार वजा केला, तर ७५ हजार उरतात, पण आडसालीचे सोळा-अठरा महिने गेलेले असतात. वर्षाला पडले पन्नासेक हजार. खोडवा चांगला आला, तर त्याहून बरेच जास्त. म्हणजे पहिल्या वर्षी सौर भाडे आणि साधारण ऊस बरोबरीत असतात, तेही घाम न गाळता.

खरी मेख पुढच्या वर्षांत आहे. ३ टक्के सरळ वाढीने पंचविसाव्या वर्षी हेक्टरी भाडे २ लाख १५ हजार होते. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर तोपर्यंत वस्तूंचे भाव सव्वातीन पट झालेले असतील. म्हणजे त्या भाड्याची खरेदीची ताकद आजच्या निम्मीच राहते. ऊस, आले, हळदीचे भाव महागाईबरोबर निदान काही प्रमाणात चढतात, हे भाडे तसे चढत नाही. माझे मत स्पष्ट आहे : बागायती काळी जमीन सौर प्रकल्पाला देऊ नका. एकरी दहा-पंधरा हजारही न देणारा मुरमाड माळ उपकेंद्राजवळ असेल, तर मात्र अवश्य द्या.

करार नोंदणीकृतच हवा. सामायिक खाते असेल तर सर्व खातेदारांच्या सह्या लागतात, वर्ग-२ ची जमीन असेल तर परवानगीचे आधी पाहावे लागते. भाडे सही केल्यापासून की प्रकल्प सुरू झाल्यापासून, कंपनीला तुमची जमीन तारण ठेवता येईल का, मुदत संपल्यावर पाया आणि सांगाडे कोण काढणार, मागच्या शेतकऱ्याची वाट आणि पाइपलाइन राहणार का, हे सगळे कागदावर आले पाहिजे. पाइपलाइनचा मुद्दा आपल्या भागात हमखास विसरला जातो.

स्वतःच प्रकल्प उभारायचा विचार असेल, तर एक मेगावॉट वर्षाला १५-१६ लाख युनिट देतो. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास धरला, तर जमा ४५-४८ लाख होते. खर्च साडेतीन-चार कोटी. व्याज न धरताही भांडवल सुटायला आठ-नऊ वर्षे लागतात. हे काम एकट्याचे नाही, शेतकरी कंपनी किंवा संस्थेने मिळून करायचे आहे.

घराचे छप्पर

इथे हिशेब सोपा आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे आणि एवढे पॅनेल महिन्याला ३५० युनिटच्या आसपास वीज देते. आपल्याच जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाले. मात्र गेल्या बारा महिन्यांची बिले काढून वापराएवढेच पॅनेल बसवा. वर्षाअखेर उरलेल्या युनिटला मिळणारा दर बिलातल्या दरापेक्षा बराच कमी असतो.

आणि शेअर?

काही तरुण शेतकरी पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरबद्दल विचारतात. पॅनेलची मागणी वाढते आहे, हे खरे. पण दर पडत गेले म्हणूनच ती वाढली. दर पडले की फायदा घेणाऱ्याचा होतो, बनवणाऱ्याचा नाही. २०११ च्या सुमारास जगात सर्वांत मोठी असलेली चीनची सनटेक कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हाही मागणी वाढतच होती. ठिबकसाठी ठेवलेला पैसा तिकडे वळवू नका.

बसवलेल्या पॅनेलची निगा साधी आहे. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी, काच गार असताना साध्या पाण्याने धुवा. पाचट जाळण्याच्या दिवसांत राख बसते तेव्हा लवकर धुवा (खरे तर पाचट जाळूच नका, कुट्टी करून सरीत ठेवा). अर्ज आणि पैसे महावितरणच्या संकेतस्थळावरूनच भरा. सौर पंप मंजूर झाल्याचा फोन करून 'फाइल चार्ज' मागणारे बरेच फिरत आहेत. असा फोन आला तर पैसे न भरता शाखा अभियंत्याला भेटा.