तारेचा झोळ

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीनें हिमायतनगर सोडलें कीं दोहों बाजूंस काळी जमीन आणि कपाशीचीं शेतें लागतात. हा मार्ग मीटरगेज होता तेव्हां खिडकीशीं बसून मी रुळांपेक्षां तारायंत्राच्या तारांकडेच पाहत असें. खांब जवळ आला कीं तार वर चढे, मागें पडला कीं खालीं उतरे.

आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. रेल्वेमार्ग रुंद झाला, संदेश जमिनीखालच्या प्रकाशतंतूंतून जाऊं लागले. आजच्या मुलांना ती चढउतार दाखवावयाची तर टेबलावरच्या छोट्या रेल्वेंतच दाखवावी लागते. पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय पाहून कित्येकांना हा नाद लागतो. पण हौशी मंडळी इंजिनावर पैसा ओततात आणि खांबांना शिवणाचा दोरा ताणून मोकळी होतात. चित्र फसतें तें तेथेंच.

जगांत बहुधा मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी प्रतिकृति करतात. सात मीटरचा खांब मग आठ सेंटिमीटरचा होतो. उदबत्तीची स्वच्छ काडी त्याला छान शोभते. चार मिलिमीटर जाडीची तार मात्र केसाहूनही बारीक व्हावयास हवी. पाव मिलिमीटरचा दोरा त्या गाडीशेजारीं अंगठ्याएवढा दोरखंड दिसतो!

शिवाय खरी तार स्वतःच्या वजनानें लोंबते. दोरा हलका, तो लोंबतच नाहीं. म्हणून कागदावर झोळाची रेघ काढावी, रेशमाचा एकच धागा डिंकाच्या पातळ पाण्यांत भिजवून टाचण्यांनीं त्या रेघेवर वाळवावा, मग खांबांवर चढवावा. तांब्याची बारीक तार सोपी खरी, पण ती रुळांवर पडली तर वीजप्रवाह भलतीकडे वळून गाडी थांबते. मी ती वापरीत नाहीं.

वळणावर तारा खांबाला आंत ओढतात, म्हणून बाहेरून ताण द्यावा. टेबलावर खांब जवळजवळ येतात. हिशेबानें झोळ फारच कमी होईल. मी तो थोडा अधिक ठेवतों, कारण डोळ्याला तोच खरा वाटतो.

माझ्या पहिल्या प्रयत्नांत दोरा ताठ ओढला होता. पावसाळ्यांत तो आखडला आणि साऱ्या काड्या एकीकडे कलल्या. आतां नात टेबलाशीं डोळे नेऊन गाडीबरोबर चालते. तार वर जाते, खालीं येते. कोतवाल पक्षी कोणत्या खांबावर बसवावा, यावर आमचा वाद चालू आहे.